शून्य नंबरचा खिसा

२ मार्च, सोमवार

दोन चहा, एक बिस्कीटपुडा, असं बिल. शिवाय सहा नंबरच्या बसचं तिकीट – थेट शेवटच्या थांब्यापर्यंतचं. नवऱ्याच्या पँटच्या उजव्या खिशात! आणि काल मला काय सांगून गेला होता? "मागच्या गल्लीत लिफ्ट अडकलीय, तासाभरात येतो." मागच्या गल्लीत जायला सहा नंबरची बस कशाला लागते?

एकच चहा असता तर मी सोडून दिलं असतं. दुसरा कोणाचा?

लोकांचे खिसे तपासण्यात माझी नऊ वर्षं गेली. लाँड्रीचा धंदाच तसा. कपडा मशीनमध्ये जायच्या आधी सगळे खिसे उलटे करायचे, जे निघेल ते छोट्या खाकी पाकिटात घालायचं, वर गिऱ्हाइकाचा नंबर टाकायचा, पिन मारायची आणि धुतलेल्या कपड्यांबरोबर परत द्यायचं. तोंडातून एक अक्षर काढायचं नाही. ज्या बाईंकडून मी हा धंदा शिकले त्यांनी पहिल्याच दिवशी बजावलं होतं – "खिशातलं बोललीस की गिऱ्हाईक गेलं." मी आजवर बोललेली नाही. पण मनात येतंच ना! कोण कोणत्या डॉक्टरकडे जातं, कोण कोणाबरोबर सिनेमा बघतं, सगळं माझ्या टेबलावरून जातं.

गेल्या वर्षी विजेचं बिल वाचवायला घरचं मशीन विकलं. तेव्हापासून आमचेही कपडे दुकानातच धुते. घरचा नंबर शून्य. तर आज शून्य नंबरच्या पाकिटात दोन चहा निघाले.

आणि हे कोणत्या महिन्यात? लेकीची फी भरायची आहे त्या महिन्यात. साठ हजार, ३१ तारखेच्या आत. रक्त-लघवी तपासायचं शिकवतात त्या कोर्सला पहिल्याच यादीत नाव लागलंय तिचं. तारीख चुकली की जागा दुसऱ्याची, तिथं कोणी रडगाणं ऐकून घेत नाही. बावन्न जमलेत. माझ्या दुकानातून, माझ्या काटकसरीतून, पैशाला पैसा जोडून! अजून आठ हवेत. आणि हा तिकडे कोणाला तरी बिस्किटं चारतोय.

३ मार्च, मंगळवार

पाकीट त्याच्या कपाटात धुतलेल्या कपड्यांवर ठेवलं. गिऱ्हाइकाला देतो तसंच. त्यानं उघडलं, पाहिलं आणि माझ्याकडे बघून हळूच मान हलवली. मान! जसं काही आमचं दोघांचं काही ठरलंय. चोराच्या मनात चांदणं, दुसरं काय.

५ मार्च, गुरुवार

दुकानाच्या भाड्याचे नऊ हजार मोजून त्याच्या हातात दिले. मालकीणबाई गेल्या वर्षी आजारपणामुळे बहिणीकडे राहायला गेल्या, तेव्हापासून भाडं त्यांचा वसुलीवाला घेतो. त्याचं तोंडही मी पाहिलेलं नाही. ह्याच्या कामाच्या वाटेवर भेटतो म्हणून हाच देऊन येतो. संध्याकाळी पावती आणली, फाइलला लावली. पावती घेतल्याशिवाय मी राहत नाही. कोथिंबिरीच्या जुडीची मिळाली असती तर तीही घेतली असती.

माझा हा स्वभाव काही आईच्या पोटातून आलेला नाही. दानशूरानं करून ठेवलाय! (मी त्याला दानशूर म्हणते. समोरसुद्धा.) लिफ्ट दुरुस्त करणाऱ्याचा पगार तो केवढा, पण ह्याचा हात कायम सैल. बरोबरच्या चौघांना नाश्ता, शेजाऱ्याच्या मुलाला सायकल, मित्राच्या फोनचे हप्ते – सगळं कार्डावर. तीन वर्षांपूर्वी बँकेचं पत्र आलं तेव्हा मला घाम फुटला होता. दुकानातल्या मोठ्या कात्रीनं ते कार्ड मी त्याच्यासमोर कापलं. चार तुकडे. तेव्हापासून पगार माझ्या हातात, ह्याला रोजचे साठ. त्यात बस आणि दुपारचा चहा. पाचशेच्या वरचा कुठलाही खर्च दोघांनी बसून ठरवायचा.

तीन वर्षं पाळलं त्यानं, हे कबूल करते. कुरकुर नाही, काही नाही. पण आता मला प्रश्न पडलाय – साठात रविवारचे दोन चहा बसतात कसे? मी देते ते साठ. मग वरचे कोण देतं?

लेक म्हणते, "आई, टूथपेस्टची ट्यूब कापून आतून खरवडतेस ते ठीक आहे. बाबांना कापू नकोस." बापाची चमची!

६ मार्च, शुक्रवार

त्याच्या मनगटावर घड्याळ नाही. सासऱ्यांचं घड्याळ, अंघोळीलासुद्धा काढायचा नाही! "दुरुस्तीला दिलंय." कुठे? "तिकडे." तिकडे म्हणजे कुठे? "अगं, तिकडे!"

९ मार्च, सोमवार

पुन्हा. शेवटच्या थांब्याचं तिकीट, दोन चहा. बिस्किटं नाहीत ह्या वेळी, पण त्याऐवजी एक गोल पितळी बिल्ला. त्यावर १७. बाकी काही नाही, नाव नाही, गाव नाही.

मी तो हातात धरून बसले होते, इतक्यात आमच्या इस्त्रीवाल्या मावशी मागून डोकावल्या. चौदा वर्षं इस्त्री करतायत, माझ्याही आधीपासून ह्या दुकानात आहेत. नवरा नाही, मुलगा परदेशी, त्यामुळे जगाची काळजी त्यांनाच. मी काही बोलले नाही. पण नंबर शून्य त्यांना दिसला.

"ताई, हा जुगाराचा असतो," त्या म्हणाल्या.

"तुम्हाला काय माहीत?"

"माझ्या भावजयीच्या भावाकडे असाच होता. घर गेलं हो त्याचं."

"आणि दोन चहा?"

मावशींनी इस्त्री उभी केली. वाफ सोडली. मग म्हणाल्या, "चहाचं मात्र मला नाही आवडलं."

म्हणजे जुगार परवडला, पण चहा नको! मला हसू आलं, पण टिकलं नाही. पंचवीस वर्षांत मी ह्या माणसाला खोटं बोलताना पकडलेलं नाही. उधळा आहे, भोळा आहे, पण लबाड नाही. की मीच आंधळी होते? आंधळं दळतं अन्‌ कुत्रं पीठ खातं!

१० मार्च, मंगळवार

बिल्ला घातलेलं पाकीटही ठेवलं कपाटात. सकाळी डबा भरताना मी मुद्दाम म्हणाले, "हल्ली रविवारी फार लिफ्ट अडकतात."

तो बुटाची नाडी बांधत होता. वर न बघता म्हणाला, "तू काही विचारत नाहीस, हे तुझं फार मोठं मन आहे."

मोठं मन!! डब्याचं झाकण मी इतक्या जोरात लावलं की कडी वाकली. आता नवीन डबा म्हणजे खर्च. ह्यालाच म्हणतात हत्ती जाऊ दिला आणि शेपटासाठी भांडले – नाही, उलटं होतंय. असो. डोकं ठिकाणावर नाही.

११ मार्च, बुधवार

आज शर्टाच्या वरच्या खिशात चिठ्ठी. चौकटीच्या कागदाची, चार घड्या घातलेली. त्याचंच अक्षर असणार, घडीतून निळी शाई दिसत होती.

घडी घातलेला कागद उघडायचा नाही. बिलं, तिकिटं दिसतात ती दिसतात, पण चिठ्ठी उघडायची नाही. हा नियम मला कोणी शिकवला नाही, मी स्वतः शिकले. दुकान घेतलं त्याच्या पहिल्याच वर्षी, नऊ नंबरच्या कोटात एक चिठ्ठी होती. मी उघडली. वाचली. दुसऱ्या दिवशी कोटवाल्याची बायको कपडे न्यायला आली, मी तिच्याकडे बघितलं आणि माझ्या तोंडावरून तिनं सगळं ओळखलं. मी एक शब्द बोलले नव्हते! ती बाई काउंटरला धरून खाली बसली. त्या दिवसापासून कानाला खडा.

पण ही माझ्या नवऱ्याची चिठ्ठी. हिला कसला नियम? दोनदा हातात घेतली. उजेडात धरली. एकदा तर वाफेच्या नळीपाशी नेली – जशी काही डिंकानं चिकटवलेली होती! मावशी म्हणाल्या, "उघडा हो, तुमचंच माणूस आहे."

नाही उघडली. पाकिटात घातली, शून्य टाकला, पिन मारली.

नियमानं नाही उघडली, असं मावशींना सांगितलं. इथं तरी खरं लिहिते – भीतीनं. आत बाईचं नाव असतं तर मी काय केलं असतं? लेकीची फी वीस दिवसांवर आली आहे. हे वीस दिवस मला घर उभं पाहिजे.

१२ मार्च, गुरुवार

पाकीट कपाटात ठेवलं आणि दारामागे उभी राहिले. त्यानं उचललं. पिन बघितली, तिच्यावरून अंगठा फिरवला. उघडलं नाही. कपड्यांखाली सरकवलं आणि स्वयंपाकघरात आला. मी भाजी चिरत होते. मागून खांद्यावर हात ठेवला.

"तू आहेस म्हणून," एवढंच म्हणाला. डोळे ओले होते त्याचे!

पुरुष एवढा गोड वागायला लागला की समजावं. सुरी हातात होती माझ्या, एवढंच लिहून ठेवते.

१३ मार्च, शुक्रवार

कामावरून दीड तास उशिरा आला. "सही करायला गेलो होतो." कसली सही? तर माझ्याकडे असं बघितलं की जणू मीच वेड्यासारखं विचारतेय. "त्याचीच गं."

कशाची त्याची??

१४ मार्च, शनिवार

पंचावन्न झाले! गेस्ट हाउसच्या चादरींचे पैसे आले, दुधाचं बिल कमी आलं. पाच राहिले. खरं तर मी आनंदानं नाचायला हवं.

लेक जेवताना म्हणाली, "बाबांच्या बुटाचा तळ बघितलास? चालत जातात कामावर. मला बसमधून दिसले." मग रोजच्या साठातले बसचे पैसे कुठे जातात? मी विचारलं तर म्हणतो, "डॉक्टर म्हणतात चालावं." कुठला डॉक्टर? ह्याला साधी सर्दी होत नाही!

उद्या रविवार. उद्या मी जाणार.

१५ मार्च, रविवार

गेले. मावशींची राखाडी शाल डोक्यावरून घेतली, मागच्या दारानं बसमध्ये चढले, एका जाड्या माणसाच्या आड उभी राहिले. दानशूर पुढे बसला होता. अर्ध्या वाटेत एका म्हाताऱ्याला जागा दिली आणि उभा राहिला. तिथंही दान!

शेवटच्या थांब्यावर उतरला. समोर टपरी, दोन बाकं, एक लिंबाचं झाड. मी पलीकडे सायकलच्या दुकानाआड. हृदय असं धडधडत होतं की सायकलवाल्याला ऐकू जाईल असं वाटलं. बाकावर कोण येऊन बसलं? बाई नाही. पुरुष! पन्नाशीचा, केस चापून बसवलेले, आणि एवढ्या कडक उन्हात काखेत काळी छत्री. दोन चहा आले. छत्रीवाल्यानं चहा प्यायला, बिस्किटं खाल्ली, पैसे दिले माझ्या नवऱ्यानं. मग ह्यानं खिशातून नोटा काढल्या. छत्रीवाल्यानं मोजल्या, थुंकी लावून, एकेक. काही तरी म्हणाला. आणि माझ्या नवऱ्यानं त्याच्यापुढे हात जोडले.

बाई नाही, म्हणून आधी मला हायसं वाटलं. खोटं कशाला बोलू? पण ते जोडलेले हात पाहिले आणि स्वतःचीच लाज वाटली.

मावशी बरोबर म्हणतात. जुगार. नाही तर सावकार. म्हणजे जुगार आणि सावकार दोन्ही. आणि कपाटातल्या पंचावन्न हजारांची जागा ह्याला माहीत आहे! घरी आल्या आल्या आधी ते मोजले. पुरे होते. डब्यासकट दुकानात आणून धुण्याच्या पावडरीच्या पोत्यात ठेवले.

आजचा खर्च: जाऊन येऊन चोवीस. कोणत्या रकान्यात टाकू ते कळेना. शेवटी लिहिलं – संशय, चोवीस.

१७ मार्च, मंगळवार

काल संध्याकाळी झालं ते आज दुपारी दुकानात बसून लिहिते. शटर अर्धं खाली ओढलंय.

लेक क्लासला गेली होती. तो हातपाय धुऊन टेबलाशी बसला. मी सरळ विचारलं, "छत्रीवाला कोण?"

"कोण छत्रीवाला?"

"सहा नंबरची बस. शेवटचा थांबा. दोन चहा. नोटा."

त्याच्या चेहऱ्यावर भीती येईल म्हणून मी बघत होते. भीती आलीच नाही. तो नुसता गोंधळला. "अगं, वसुलीवाला. दुकानाचा. तुला माहीत आहे ना."

"मला काय माहीत आहे?"

"सगळंच! दोन रविवार बिलं ठेवली खिशात. गहाण ठेवलेल्या घड्याळाचा बिल्ला ठेवला. मग चिठ्ठी लिहून ठेवली. तू सगळं बघितलंस, पाकिटात घालून परत दिलंस. मला वाटलं, तुला बोलायचं नाहीये, पण कळलंय."

"चिठ्ठी मी उघडलीच नाही!"

तो उठला. कपाटातून पाकीट आणलं. पिन तशीच, माझ्या सवयीनं तिरकी मारलेली. त्यानंही ते उघडलं नव्हतं. आपणच लिहिलेलं पुन्हा काय वाचायचं! आम्ही दोघं त्या पाकिटाकडे बघत बसलो. मग मी पिन काढली.

चिठ्ठी इथं उतरवून ठेवते.

"गेल्या एप्रिलपासून दुकानाचं भाडं पंधरा झालंय. वरचे सहा मी भरतोय. रविवारची बाहेरची कामं करतो, पण आता पुरत नाहीत. तुझी आई गेल्यावर दोन महिने तू खोलीतून बाहेर आली नव्हतीस. मग पुन्हा दुकानात जायला लागलीस आणि माणसात आलीस. त्याच महिन्यात भाडं वाढलं, तेव्हा तुला कसं सांगणार होतो? तोंडानं अजूनही जमत नाही. पण मला वाटतं दुकान सोडावं लागेल. तुला नको असेल तर काही बोलू नकोस, मी समजेन. चालवू कसंही करून."

काही बोलू नकोस! आणि मी नाही बोलले! नऊ वर्षांची सवय! पिन मारून परत दिली, आणि दुसऱ्या दिवशी हा जाऊन, आधीचे उसने फेडायला, चाळीस हजारांच्या कर्जावर सही करून आला. परवा हात जोडले ते एवढ्याचसाठी – लेकीची फी भरेपर्यंत मार्चचे राहिलेले दोन हजार थांबवा म्हणून.

"पण पावती तर नऊचीच येते," मी म्हटलं.

"वरचे सहा रोख. पावती नाही. मालकांच्या कराच्या भानगडी असतात म्हणे."

असतील. ह्या मालक लोकांचं पोट कधी भरलंय! अंथरुणाला खिळली तरी बाईचा हात सुटत नाही. ह्याच बाईनं दुकान देताना माझ्या पाठीवर हात ठेवला होता.

मी ओरडले त्याच्यावर. इतकी की शेजारच्यांनी खिडकी लावून घेतली. "मला काय काचेचं भांडं समजतोस?" तो म्हणाला, "तेव्हा होतीस." मग मी रडले. भाजी करपली, ती तशीच खाल्ली.

१८ मार्च, बुधवार

हिशेब केला. सगळ्यात आधी करायला हवा होता तो.

दुकान मला महिन्याला पाच हजार सुटून देतं. मोठ्या तोऱ्यात मी ते डब्यात टाकत होते. आणि महिन्याला सहा हजार ते मागच्या दारानं खात होतं. अकरा महिन्यांचे सहासष्ट. म्हणजे ते पंचावन्न हजार मी साठवलेलेच नाहीत. त्यानं घड्याळ गहाण टाकलं, बूट झिजवले, लोकांकडून उसने आणले, आणि मला साठवू दिले. वर मी त्यालाच उधळ्या म्हणत होते. टूथपेस्ट खरवडत होते मी! घरातला सगळ्यात मोठा अनावश्यक खर्च कुठे बसला होता, तर गल्ल्यामागच्या खुर्चीवर. मी.

त्याचा राग येतो. त्याच्यावर प्रेमही येतं आणि त्याचाही राग येतो. लाज तर इतकी वाटते की मावशींकडे बघवत नाही.

१९ मार्च, गुरुवार

ह्या वेळी चिठ्ठी नाही, खिसा नाही, पाकीट नाही. त्याच्या समोर बसून मोठ्यानं सांगितलं, "दुकान सोडायचं."

"आणखी सहा महिने बघू गं–"

"सोडायचं. ऐकलंस? तोंडानं सांगतेय."

इस्पितळाच्या धुलाई खात्यात बाई हवी आहे. आठ तास उभं राहायचं, पगार बरा. मोठा प्रेस आणि दोन्ही मशीनं विकली की कर्जाचा मोठा तुकडा जाईल. फीचे पाच हजारही त्यातूनच. लेकीला सांगितलं तेव्हा ती म्हणाली, "मी वर्षभर थांबते ना. नोकरी करते." मी म्हटलं, "एक शब्द बोललीस तर बघ!" तिनं बापाकडे बघितलं. तो म्हणाला, "आईचं ऐक. आता घरात सगळे बोलायला लागलेत, आपण गप्प बसू."

मावशींना सांगणं मात्र जड गेलं. त्यांनी इस्त्री बंद केली, दोरी गुंडाळली, पदरानं टेबल पुसलं. म्हणाल्या, "चांगल्या घरच्या चादरी होत्या हो." मी त्यांचं काय करू? त्या वयाच्या बाईला इस्पितळ घेणार नाही.

२१ मार्च, शनिवार

दानशूर छत्रीवाल्याला निरोप देऊन आला, महिनाअखेर दुकान सोडतोय. तर तो म्हणे एकदम मऊ! "घाई कशाला? मालकिणीशी बोलून हजार-दोन हजार कमी करतो. वहिनींना सांगा, धीर धरा." अकरा महिने बिस्किटं खाल्ली तेव्हा हजार कमी नाही झाले!

वर आणखी, "मालकीणबाईंना त्रास द्यायला जाऊ नका. त्यांना कोणी ओळखू येत नाही आता. किल्ली माझ्याकडे द्या."

हा बिचारा म्हणतो, "माणूस वाईट नाही गं." ह्याला कोण वाईट वाटतं?

नऊ वर्षं मी त्या बाईंच्या छपराखाली काढली. ओळखो न ओळखो. किल्ली मी त्यांच्याच हातात देणार आणि दोन शब्द सुनावूनही येणार – आजारी असली तरी. जुन्या ऑर्डरवहीत बहिणीचा पत्ता सापडला. एकदा तिथं पडदे धुऊन पाठवले होते.

२२ मार्च, रविवार

मशीनवाला येऊन गेला. सगळं मिळून पस्तीस देतो म्हणाला. उद्या संध्याकाळी टेम्पो घेऊन येणार.

२३ मार्च, सोमवार

सकाळी गेले. मालकीणबाई खिडकीपाशी बसून वर्तमानपत्र वाचत होत्या. लांबूनच हाक मारली मला, नावानं. किल्ली पुढे केली तर घेईनात. म्हणाल्या, "का सोडतेस गं? नऊ हजारसुद्धा जड व्हायला लागले का?"